इंग्रजीच्या ढबी आणि बंगळुरूचे कान

भाषेची ढब आणि भाषेची बोली या दोन निराळ्या गोष्टी आहेत. ढबीत शब्द तेच राहतात, फक्त त्यांचे उच्चार, आघात आणि हेल बदलतात. बोलीत शब्दसंग्रह आणि व्याकरणही बदलते. स्कॉटलंडचा माणूस ‘लहान’ या अर्थी ‘वी’ म्हणतो ती बोली, आणि ‘कार’मधला शेवटचा ‘र’, जो लंडनकर गिळून टाकतो, तो ठसठशीत उच्चारतो ती ढब. १८०९ साली इंग्रजांनी छावणी वसवली तेव्हापासून बंगळुरूच्या कानावर निरनिराळ्या ढबींचे इंग्रजी पडत आले असले, तरी ढबींतल्या भेदावर हजारो तरुणांची नोकरी अवलंबून राहू लागली ती २००० सालाच्या आसपास कॉल सेंटरचा धंदा येथे फोफावल्यावर.

या धंद्यात ‘एमटीआय’ हा परवलीचा शब्द झाला. मातृभाषेचा इंग्रजी उच्चारांवर उमटणारा ठसा असा त्याचा अर्थ असून, ‘व्हॉइस अँड अ‍ॅक्सेंट’ नावाच्या प्रशिक्षणात तो ठसा पुसून ‘न्यूट्रल’ उच्चार शिकवले जात. हे न्यूट्रल इंग्रजी नेमके कोणत्या गावी बोलतात, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारत नसे. नोव्हेंबर २००३ मध्ये डेल या अमेरिकी संगणक कंपनीने आपल्या काही व्यावसायिक ग्राहकांचे तांत्रिक साहाय्याचे फोन बंगळुरूकडे वळवणे थांबवले, त्यामागे कर्मचाऱ्यांचे उच्चार कळत नाहीत आणि उत्तरे साचेबंद असतात, अशा तक्रारी होत्या.

या तक्रारींत तथ्य नव्हते असे नाही. इंग्रज माणूस शब्दारंभीचा ‘प’ महाप्राण, म्हणजे हकाराचा श्वास मिसळून उच्चारतो, भारतीय माणूस तो कोरडा ठेवतो, आणि त्यामुळे ‘पिन’ हा शब्द परक्या कानाला ‘बिन’ वाटू शकतो. कन्नड शब्द बहुधा स्वरान्त असल्याने ‘बस’चे ‘बस्सु’ होते आणि ‘एम’ या अक्षराला आरंभी यकार चिकटून ‘येम’ ऐकू येते. मराठी माणूस ‘व्हॅन’ आणि ‘वॉच’ यांतला भेद लेखनातसुद्धा सांभाळतो, पण मराठीत इकाराच्या ऱ्हस्वदीर्घपणाने सहसा अर्थ पालटत नसल्यामुळे ‘शिप’ आणि ‘शीप’, म्हणजे जहाज आणि मेंढी, त्याच्या तोंडी एक होतात. यांहून मोठी अडचण आघाताची असते. ‘थर्टी’ आणि ‘थर्टीन’ यांतला फरक इंग्रज कान मुख्यतः जोर शब्दाच्या कोणत्या अवयवावर, म्हणजे उच्चारखंडावर, पडला यावरून ओळखतो. भारतीय भाषांत सर्व अवयव जवळपास सारख्या जोराने येतात, आणि मग तेरा डॉलर की तीस, हे दोनदा विचारावे लागते. हैदराबादच्या केंद्रीय इंग्रजी संस्थेतून १९६९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आर. के. बन्सल यांच्या अभ्यासात, भारतीयांचे सलग इंग्रजी बोलणे ब्रिटिश श्रोत्यांना सरासरी ७० टक्क्यांच्या आसपासच कळल्याचे आढळले होते.

मात्र तारेच्या दुसऱ्या टोकाचे इंग्रजीही काही एकजिनसी नव्हते. अमेरिकेच्या दक्षिणेकडील राज्यांत ‘पिन’ आणि ‘पेन’ यांचा उच्चार अनेकांच्या तोंडी सारखाच होतो, न्यूझीलंडच्या माणसाचा ‘फिश’ ‘फश’सारखा वाटतो, आणि लंडनचा कामगार ‘वॉटर’मधला ‘ट’ घशातच अडवून टाकतो. भरीस भर म्हणजे पारंपरिक दूरध्वनी साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच कंपनसंख्यांचा ध्वनी पलीकडे पोचवतो. ‘स’ आणि ‘फ’ वेगळे ओळखायला लागणारा ध्वनीचा बराचसा भाग याच्या वर असल्याने आडनाव लिहून घेताना ‘एफ फॉर फॉक्सट्रॉट’ अशी उजळणी करावी लागते. फोनमागे किती मिनिटे लागली याचा हिशेब ठेवला जात असल्याने ग्लासगोच्या ग्राहकाला तिसऱ्यांदा ‘पुन्हा सांगता का?’ असे विचारण्याची सोय बंगळुरूच्या कर्मचाऱ्याला क्वचितच असते.

ऐकणाऱ्याचा वाटा केवढा असतो, हे संशोधनाने दाखवून दिले आहे. अमेरिकेत क्लार्क आणि गॅरेट यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत, परकी ढब सुमारे मिनिटभर ऐकल्यावरच श्रोत्यांचा कान तिला सरावू लागला. त्याआधी १९९२ मध्ये डोनाल्ड रुबिन यांनी एकाच अमेरिकी आवाजातले ध्वनिमुद्रण विद्यार्थ्यांच्या दोन गटांना ऐकवले. ज्यांना सोबत आशियाई चेहऱ्याचे छायाचित्र दाखवले होते, त्यांना ते कमी कळले. तेथे न कळण्याचे कारण उच्चारात नव्हतेच.

२०२५ मध्ये टेलिपरफॉर्मन्स या कंपनीने, सानास या कंपनीची प्रणाली वापरून, भारतीय कर्मचाऱ्यांची ढब बोलता बोलताच सौम्य करून पलीकडे पोचवण्यास सुरुवात केल्याचे जाहीर झाले. वीस वर्षे जे जिभेकडून करून घेतले ते काम आता यंत्र करणार असेल, तर प्रशिक्षणाचे वाचलेले तास ग्लासगो, टेक्सास आणि ऑकलंडची खरीखुरी ध्वनिमुद्रणे ऐकवण्यात घालवणे अधिक शहाणपणाचे ठरेल, कारण जिभेइतके लक्ष बंगळुरूच्या कानाकडे या धंद्याने कधीच दिलेले नाही.