पगार तिचा, एटीएम कार्ड कुणाकडे?

“आमच्याकडे पैशाचं सगळं हेच बघतात.” हे वाक्य बहुतेक घरांत कौतुकानंच म्हटलं जातं. पुष्कळदा त्यात वावगं काही नसतंही. एकानं बँक बघायची, दुसऱ्यानं आणखी काही, ही झाली सोय. पण पुरुषानं व्यवहार सांभाळायचा आणि बाईनं विचारायचं नाही, ही रीत इतकी अंगवळणी पडलेली असते की सोयीचा जाच कधी झाला ते कळतच नाही. कायद्यात याला आर्थिक छळ म्हणतात, म्हणजे पैसा अडवून, काढून घेऊन किंवा लपवून माणसाला मुठीत ठेवणं.

आधी एक साधा प्रश्न विचारून बघा : “आपल्या खात्यात सध्या किती आहेत?” आकड्यापेक्षा उत्तराची तऱ्हा महत्त्वाची. संध्याकाळी मोबाइल समोर धरून दाखवलं, तर काळजीचं कारण नाही. “तुला काय कमी आहे?” असं आलं, किंवा दोन दिवस अबोला धरला, तर सावध व्हा. चणचण म्हणजे छळ नव्हे. चणचण दोघांनाही सारखीच असते. त्याच्या हौसेला पैसे निघतात आणि आपल्याला डॉक्टरच्या फीसाठी हात पसरावा लागतो, तिथे गडबड आहे.

मग खाती तपासा. कमावती बाई यातून सुटली, असं आपण धरून चालतो आणि इथेच फसतो. पगार तिच्या खात्यात येतो, पण कार्ड, पिन आणि ओटीपी (व्यवहार पक्का करायला मोबाइलवर येणारा आकडा) नवऱ्याकडे. ‘लाडकी बहीण’ या सरकारी योजनेचे दीड हजारही असेच परस्पर काढले जाऊ शकतात. खात्यावर नाव कुणाचं यापेक्षा मोबाइल नंबर कुणाचा, हे आधी बघा.

यानंतर सह्या आठवा. बचत गटाचं कर्ज बाईच्या नावावर, पैसे नवऱ्याच्या हातात आणि हप्त्याच्या दिवशी तोंड दाखवायचं तिनं, हे गावोगाव चालतं. कुठे सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली असेल, तर हप्ते थकल्यावर बँक आपल्याकडेही वसुलीला येऊ शकते. आपल्या नावावर काय काय आहे ते पतअहवालात, म्हणजे कर्जांच्या नोंदवहीत, दिसतं. सिबिलसारख्या संस्थांकडून तो वर्षातून एकदा फुकट मिळतो.

दागिन्यांचं वेगळं बोलायला हवं. माहेरहून आणि सासरहून आपल्याला मिळालेलं ते स्त्रीधन, आणि त्यावर मालकी आपली एकटीची. सासूबाईंच्या लॉकरमध्ये ठेवलं म्हणून ते त्यांचं होत नाही. नवऱ्याकडे किंवा सासरी सांभाळायला दिलेलं स्त्रीधन ही निव्वळ ठेव आहे, असं सर्वोच्च न्यायालयानं 1985 मध्ये प्रतिभा राणी खटल्यात सांगितलं. अडचण येते ती पुराव्याची. लग्नातले फोटो आणि सराफाच्या पावत्या जपा.

आता थोडे स्वतःचे पैसे. डाळीच्या डब्यातली बचत 8 नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर किती जणींना नवऱ्यापुढे ठेवावी लागली, ते आठवत असेल. त्यापेक्षा शून्य शिलकीचं बचत खातं काढा. मात्र घाई नको. घरच्यांचे व्यवहार नसलेली शाखा निवडा आणि मोबाइल नंबर आपल्याच हातातल्या फोनचा द्या. आधार जोडताना विशेष जपा. आधारवरून येणारे सरकारी पैसे सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यात वळतात, आणि जुन्या खात्यात ते आले नाहीत की घरात लगेच विचारणा होते. मारहाणीची भीती असेल, तर काहीही बदलण्याआधी 181 या महिला हेल्पलाइनवर बोला.

कागदांचे फोटोही काढून ठेवा : पासबुकं, घराचा करार, सातबारा, विमा, त्याची पगारपावती. ते विश्वासातल्या माणसाकडे ठेवा. घरातल्या सगळ्यांना दिसणाऱ्या फोनमध्ये ठेवून उपयोग नाही.

बोलून मार्ग निघत नसेल, तर 2005 चा कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायदा आहे. आर्थिक छळ त्यात स्पष्ट लिहिला आहे. मारहाण झालेली असावी लागत नाही. आई, बहीण, मुलगी, लग्नाशिवाय एकत्र राहणारी जोडीदारही दाद मागू शकते. संरक्षण अधिकारी, म्हणजे या कामासाठी सरकारनं नेमलेला माणूस, घडलेल्या घटनांचा अहवाल तयार करतो. पगार काढून घेणं, खर्चाला पैसे न देणं, हे त्यात नोंदवता येतं. अर्ज थेट न्यायदंडाधिकाऱ्यांकडेही करता येतो. ते दरमहा खर्च देण्याचा, स्त्रीधन परत करण्याचा, लॉकर आणि खात्यांना हात न लावण्याचा आदेश देऊ शकतात. घर नवऱ्याच्या नावावर असलं तरी तिथे राहण्याचा हक्क मागता येतो.

वकिलाच्या फीपायी अनेक जणी थांबतात. जिल्हा न्यायालयातल्या विधी सेवा प्राधिकरणाकडून बाईला वकील मोफत मिळतो, तिचं उत्पन्न कितीही असो. आणि माहेरी येऊन राहिला असाल, तर सासरच्या गावी खेटे घालायची गरज नाही. तात्पुरत्या मुक्कामाच्या ठिकाणच्या न्यायालयातही हा अर्ज चालतो.