पिकअपच्या टायरमध्ये हवा किती भरायची?

मंडळी, आपल्या उमरग्यातून सोलापूर-हैदराबाद हायवे जातो. सोयाबीन भरलेले पिकअप रोजच दिसतात. मी सॉफ्टवेअरवाला, तरी हे गणित मला सोपं वाटतं.

हवा कमी असली की टायर प्रत्येक फेऱ्यात जास्त दबतो, तापतो आणि भर उन्हात फुटू शकतो. जास्त असली तर पकड सुटते. टायरवर छापलेला आकडा ही कमाल मर्यादा. तेवढी भरायची नसते. दाराजवळचं स्टिकर किंवा मॅन्युअल बघा. पुढच्या-मागच्या चाकांचा, रिकाम्या-भरल्या गाडीचा आकडा वेगळा असू शकतो.

हवा सकाळी, गाडी निघण्याआधी तपासा. टायर १० अंशांनी तापला की ५० पीएसआयचे साधारण ५२ होतात. म्हणून गरम टायरची हवा सोडू नका. गार झाल्यावर तीच कमी पडते.