चित्रकार स्वतःचाच चेहरा का काढतात?

आपल्या बहुतेक घरांत दोन चित्रे सापडतात. एक एलियाहू हन्नाबीची तसबीर, अग्निरथातून आकाशात जाणाऱ्याची. दुसरा आजोबा-पणजोबांचा फोटो. डोक्यावर पगडी, अंगात लांब कोट नाहीतर पलटणीचा गणवेश, शेजारी नऊवारीतली आजी, मागे रंगवलेला पडदा. तो दाखवून आपण नातवंडांना सांगतो, असे होते तुमचे खापरपणजोबा. पण खुर्चीत ताठ कसे बसायचे, हात कुठे ठेवायचा, नजर कोणीकडे, हे सगळे फोटोग्राफरने ठरवलेले. पडद्यावरचे खांब आणि बाग तर स्टुडिओच्या मालकीची. आजोबांना स्वतःला कसे दिसायला आवडले असते, ते त्या फोटोवरून कळत नाही.

चित्रकार आरशासमोर बसून स्वतःचा चेहरा रंगवतो तेव्हा मात्र बसणारा आणि बसवणारा एकच असतो. अशा चित्राला आत्मचित्र म्हणतात. इंग्रजी शब्द सेल्फ-पोर्ट्रेट. चित्रकार ते का काढतात याचे पहिले कारण अगदी साधे आहे. समोर बसणाऱ्या माणसाला पैसे द्यावे लागतात, आरशाला द्यावे लागत नाहीत. दुसरे कारण असे, की आपण कोण आहोत हे लोक आपल्याला जन्मभर सांगत असतात, आणि कधीतरी माणसाला ते स्वतः सांगावेसे वाटते. आपल्या समाजाला या दुसऱ्या कारणाचा अनुभव चांगलाच आहे.

लंडनला मुलांकडे राहणाऱ्या किंवा जाणाऱ्या मंडळींनी एकदा हॅम्पस्टेड हीथवरच्या केनवुड हाऊसमध्ये जरूर जावे. तिकीट लागत नाही. तिथे रेम्ब्रांटचे १६६५ च्या सुमाराचे आत्मचित्र आहे. म्हातारा होत चाललेला माणूस, डोक्यावर पांढरी साधी टोपी, हातात रंगांची पाटी आणि कुंचले, मागच्या भिंतीवर दोन मोठी अर्धवट वर्तुळे. ती कशाची, यावर जाणकार अजून वाद घालतात. आरशात उजव्याचे डावे होते हे आपण जाणतोच. क्ष-किरणांनी तपासले तेव्हा दिसले, की रेम्ब्रांटने आधी आरशात दिसले तसेच हात रंगवले होते आणि मग ते बदलले. म्हणजे दिसले ते आणि दाखवायचे ते यांत त्याने निवड केली. आत्मचित्र पाहताना हीच निवड शोधायची असते.

त्याचे चौतिसाव्या वर्षीचे चित्र ट्रॅफल्गार स्क्वेअरच्या नॅशनल गॅलरीत आहे. तिथे तो मखमल आणि फर घालून एखाद्या सरदारासारखा बसला आहे. मधल्या काळात त्याचे दिवाळे निघाले, घर विकले गेले. केनवुडच्या चित्रात सरदार राहिला नाही, कामकरी माणूस उरला आहे. माझ्या मते दुसराच जास्त रुबाबदार दिसतो.

जाता जाता एक गोष्ट सांगतो. हा रेम्ब्रांट ॲमस्टरडॅममध्ये ज्यू वस्तीत राहत असे. रब्बी मेनाशे बेन इस्राएल त्याच्या ओळखीचे होते आणि त्यांच्या एका पुस्तकासाठी त्याने चार चित्रे करून दिली. हेच मेनाशे १६५५ मध्ये लंडनला येऊन क्रॉमवेलला विनवणी करते झाले, की इंग्लंडमधून हाकललेल्या ज्यूंना परत राहू द्या. नॅशनल गॅलरीतच रेम्ब्रांटचे बेलशस्सर राजाच्या मेजवानीचे चित्र आहे. दानिएलच्या पुस्तकातली भिंतीवरची ती अक्षरे त्यात हिब्रूत, वरून खाली लिहिलेली आहेत. हिब्रू वाचता येणाऱ्यांनी शेवटचे अक्षर नीट पाहावे. तिथे नून हवा होता, तो झायीन झाला आहे.

कोणी विचारेल, दहा आज्ञांपैकी दुसरी आज्ञा पाळणाऱ्यांनी चेहरे रंगवावेत का? आज्ञा पूजेसाठी मूर्ती करण्याविरुद्ध आहे, आणि आपल्या घरांतली हन्नाबीची तसबीर पूजेची मूर्ती नव्हे हे आपल्या वाडवडिलांना नीट कळत होते. शिवाय शेमोथच्या पुस्तकात मिश्कानचे काम करायला देवाने ज्याला नावाने बोलावले तो बसालेल बेन उरी कारागीरच होता. त्याच्याच नावाने १९१५ मध्ये पूर्व लंडनच्या व्हाइटचॅपेलमध्ये बेन उरी ही ज्यू कलासंस्था सुरू झाली. तो गरीब, यिद्दिश बोलणाऱ्या, नुकत्याच बोटीतून उतरलेल्या लोकांचा मोहल्ला होता. संस्था आता सेंट जॉन्स वुडमध्ये आहे, आणि तिच्या संग्रहातले एक लहानसे चित्र मला सर्वांत मोलाचे वाटते.

ते आयझॅक रोझेनबर्गचे. आईबाप लिथुआनियाकडून आलेले, मुलगा १८९० मध्ये ब्रिस्टलला जन्मला आणि लंडनच्या स्टेपनीत वाढला. चौदाव्या वर्षी शाळा सोडून खोदकाम करणाऱ्याकडे उमेदवारी. पुढे तीन ज्यू बायकांनी फी भरली म्हणून स्लेड या नामांकित कलाशाळेत शिकता आले. मॉडेलला द्यायला पैसे नसत, म्हणून तो स्वतःलाच रंगवी. १९११ चे एक आत्मचित्र टेट संग्रहात आहे. १९१५ चे नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीत आहे, त्यात डोक्यावर हॅट, चेहरा कलावंताचा. त्याच वर्षी ऑक्टोबरात तो फौजेत भरती झाला. युद्धाची हौस म्हणून नव्हे, आईला भत्ता मिळेल म्हणून. उंची कमी, त्यामुळे बुटक्या शिपायांच्या खास पलटणीत घेतले.

आणि मग १९१६ चे ते चित्र. तिथे कागद कुठला मिळणार, सामान बांधायच्या तपकिरी चुरगळलेल्या कागदावर काळ्या खडूने आणि थोड्या रंगाने काढलेले. डोक्यावर लोखंडी टोप. टोप सगळ्या शिपायांचा सारखाच असतो. माणसाला शिपाई करण्यासाठीच तो असतो. पण त्याच्या खालचा चेहरा रोझेनबर्गचाच आहे, हॅटखाली होता तोच. पलटणीत त्याला ज्यू म्हणून टोमणे खावे लागत, त्याबद्दल त्याने कविताही लिहिली. हॅट उतरली, टोप चढला, लोकांनी हाक मारायचे नाव बदलले, आणि हा मनुष्य त्या सगळ्यात कागदाचा तुकडा शोधून स्वतःकडे पाहत बसला. ज्यांचे आजोबा-पणजोबा सुभेदार, जमादार होते त्यांना या चित्रापुढे थांबावेसे वाटेल. आपल्या त्या माणसांच्या हाती कागद-खडू आला असता तर त्यांनी गणवेशाखाली कोणता चेहरा काढला असता?

रोझेनबर्ग १ एप्रिल १९१८ रोजी फ्रान्समध्ये मारला गेला. पेसाहचे दिवस होते. नक्की कुठला देह त्याचा हे ओळखता आले नाही, म्हणून दगडावर याच जागेजवळ पुरला असे लिहिले आहे. वर मागेन दावीद, आणि खाली कलावंत व कवी.

रोझेनबर्गला ज्यू म्हणून ओळखायला कोणाला अडचण पडली नाही. आपली गोष्ट उलटी. इंग्लंडमध्ये सिनेगॉगच्या दारात विचारतात, आपण ज्यू? दिसत तर नाही! तेच बाहेर आले की सगळे आपल्याला नुसते इंडियन धरतात. इस्राएलात गेलेल्यांनी काय सोसले ते या अंकाच्या वाचकांना सांगायला नको. लग्न लावून देण्याआधी पिढ्यांचा हिशेब मागितला गेला, धरणी धरावी लागली, आणि १९६४ मध्ये क्नेसेटला ठराव करावा लागला की बेने इस्राएल हे सर्व बाबतीत ज्यूच आहेत. चेहरा आपला आणि निवाडा दुसऱ्याचा, असा हा प्रकार.

याला चित्रातून उत्तर दिले ते आपल्याच समाजाच्या सिओना बेंजामिन यांनी. जन्म १९६० चा, मुंबईचा, शिक्षण जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. आता अमेरिकेत न्यू जर्सीला राहतात. लहानपणी ख्रिस्ती आणि पारशी शाळांत शिकल्या. ‘फाइंडिंग होम’, म्हणजे घराचा शोध, या त्यांच्या चित्रमालिकेत एक बाई पुन्हा पुन्हा येते. चेहरा त्यांच्याशी जुळणारा, अंगावर पुष्कळदा साडी, मांडणी मोगल लघुचित्रांसारखी, सोन्याचा वर्ख, मधेच हिब्रू अक्षरे. आणि त्या बाईची कातडी निळी.

पहिल्यांदा पाहणाऱ्याला कृष्ण आठवतो, आपल्यातल्या काहींना ते खटकतेही. पण त्यांचे स्वतःचे म्हणणे असे, की निळा हा आकाशाचा आणि समुद्राचा रंग, तो कुठल्याच एका देशाचा नाही. गोरी ज्यू नव्हे, काळी नव्हे, मग आपली कातडी कोणत्या रंगाची, या प्रश्नावर त्यांनी जगात कोणाचीच नसलेली कातडी निवडली. मला तो रंग पाहून आणखी एक आठवते, तल्लीथच्या सीसीथमध्ये तोरेने सांगितलेला तेखेलेतचा निळा धागा. हे त्यांच्या मनात होते असा माझा दावा नाही. चित्र एकदा भिंतीवर लागले की पाहणाऱ्याचाही त्यात थोडा वाटा असतो. पुढे फुलब्राइट शिष्यवृत्ती घेऊन त्या भारतात आल्या, आपल्या माणसांचे फोटो काढले आणि त्यांवर रंगकाम करून ‘फेसेस’ ही मालिका केली. स्टुडिओतल्या पडद्याच्या जागी तिथे माणसाच्या स्वतःच्या गोष्टी आल्या.

आता परत लंडनला. १९२४ मध्ये जन्मलेले दोन तरुण १९४८-४९ च्या सुमाराला मुंबईहून बोटीने इंग्लंडला आले. एक गोव्याच्या साळगावचा फ्रान्सिस न्यूटन सूझा, कॅथलिक. लहानपणी देवी आल्या, त्यातून वाचला म्हणून आईने फ्रान्सिस हे संताचे नाव जोडले. मुंबईत त्याने स्वतःचे उघडेवाघडे आत्मचित्र प्रदर्शनात मांडले, अश्लीलतेची तक्रार झाली, प्रकरण पोलिसांपर्यंत गेले. त्याच्या गटाला मुंबईत हात देणाऱ्यांत नाझींच्या राजवटीमुळे तिकडे आलेले रुडॉल्फ फॉन लायडेन आणि व्हिएन्नाचे ज्यू इमॅन्युएल श्लेसिंगर होते, हे आपण विसरू नये. लंडनमध्ये सूझाने सूटबूट घातलेले आणि तोंडात बाण रुतलेले माणसाचे चित्र रंगवले. संत सेबास्टियनची कथा, पण पुष्कळांना त्यात सूझाच दिसतो. इतका राग माझ्या पचनी पडत नाही. तरी खोटे त्यात काही नाही.

दुसरा तरुण आपला निस्सीम एझकिएल, मूळचा तळकर. वडील विल्सन कॉलेजात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक. निस्सीमच्या बोटीचे भाडे मित्र इब्राहिम अल्काझी यांनी भरले. लंडनमध्ये तळघरातल्या खोलीत राहून बर्कबेक कॉलेजात त्याने तत्त्वज्ञानाचा अभ्यास केला, १९५२ मध्ये पहिले कवितापुस्तक तिथेच निघाले, आणि परतीला पैसे नाहीत म्हणून मालवाहू बोटीवर डेक घासत तो मुंबईला आला.

त्याने कुंचला धरला नाही, पण आत्मचित्र काढले ते शब्दांत. १९६५ मध्ये वेल्समधल्या कार्डिफला राष्ट्रकुल कलामहोत्सव भरला, त्यासाठी लिहिलेली ‘बॅकग्राउंड, कॅज्युअली’ ही ती कविता. शाळेत तिन्ही धर्मांच्या पोरांनी छळलेला ज्यू मुलगा त्यात आहे, घाण्यावर बिया गाळणारे आपले शनिवार तेली पूर्वज आहेत, लंडनचे तळघर आहे, आणि मग परत येऊन इथेच राहायचे ठरवलेला माणूस आहे. त्याने स्वतःला शूर दाखवलेले नाही. घाबरट, अवघडलेला, थोडा हास्यास्पदच रंगवला आहे. केनवुडच्या म्हाताऱ्याने फर काढून ठेवली तसेच हे.

त्याची दुसरी एक कविता, ‘नाइट ऑफ द स्कॉर्पियन’, आईला विंचू चावल्याच्या रात्रीची, इंग्लंडच्या शाळांत कित्येक वर्षे परीक्षेला होती. तुमच्या नातवंडांनी ती वाचली असण्याचा बराच संभव आहे. लिहिणारा बेने इस्राएल होता हे त्यांना शाळेत कोणी सांगितले होते का, ते एकदा विचारून पाहा.