शिबिराचा सिनेमा, समुद्राच्या वेळापत्रकात

परीक्षा संपली की मुंबई-पुण्याची मुलं बॅगा भरून शिबिराला निघतात. तंबू, रात्रीची शेकोटी, आईच्या आठवणीने गुपचूप रडणारा एखादा मुलगा, शेवटच्या दिवशीचं स्नेहसंमेलन. इतकं हसू आणि इतकं रडू आठ-दहा दिवसांत क्वचितच कुठे एकत्र सापडतं. तरीही मराठी सिनेमा इथे फार रमला नाही. श्रीरंग गोडबोले यांच्या 'चिंटू २'मध्ये (२०१३) चिंटूची गँग साहसी शिबिराला गेली, पण त्या वाटेने पुढे फारसं कुणी गेलं नाही.

अमेरिकेत कमी पैशांत सिनेमा करणाऱ्यांची ही आवडती जागा आहे. एकच आवार, सगळे तिथेच मुक्कामाला, वेगळा सेट नको. नाट्यशिबिरावरचा 'थिएटर कॅम्प' (२०२३) १९ दिवसांत चित्रित झाला. त्यातले बरेच संवाद कलाकारांना जागेवर सुचलेले आहेत. 'वेट हॉट अमेरिकन समर'च्या (२००१) चित्रीकरणात पावसाने जवळजवळ रोज हजेरी लावली, आणि पडद्यावर मात्र उन्हाळा दाखवावा लागला.

असा सिनेमा आपल्याकडे रायगडच्या किनाऱ्यावर करायचा, तर पावसाआधी, जूनच्या आत चित्रीकरण उरकावं लागेल, हे उघडच आहे. खरं गणित वेगळं आहे. बालकामगारांविषयीच्या २०१७ च्या नियमांनुसार १४ वर्षांखालच्या कलाकाराकडून दिवसाला ५ तासांहून जास्त काम घेता येत नाही, विश्रांतीशिवाय ३ तासांहून जास्त नाही आणि सलग २७ दिवसांपलीकडे तर नाहीच. पाच मुलांमागे निदान एक जबाबदार माणूस हवा. मुलाच्या मिळकतीतले किमान २० टक्के त्याच्या नावे मुदत ठेवीत जातात. परवानगी जिल्हा दंडाधिकाऱ्यांची, म्हणजे अलिबागच्या कलेक्टर कचेरीतून.

त्यात समुद्र. ओहोटीला मुलं अलिबागसमोरच्या कुलाबा किल्ल्यात चालत जातात असा प्रसंग घ्या. भरती-ओहोटी रोज साधारण ५० मिनिटं पुढे सरकते. आज सकाळी सातला मिळालेली सुकती, म्हणजे ओहोटी, आठवड्याने दुपारी एकच्या सुमारास येते, वाळू पायाला चटके देत असताना. मुलांचे पाच तास तिच्याभोवती बसवायचे.

मला हे नियम अडचण वाटत नाहीत. अमोल गुप्ते यांनी 'स्टॅनली का डब्बा' (२०११) शनिवारच्या चार-चार तासांच्या कार्यशाळांतून घडवला. मुलांची शाळा बुडाली नाही, कॅमेरा स्थिरचित्रणाचा छोटा कॅनन होता, आणि पडद्यावरची मुलं खरोखर मुलंच दिसतात. हीच रीत मुरूडला किंवा नागावला आणावी. आधी खरं शिबिर भरवावं, पोहणं, खेळ, नाटुकली सगळं व्हावं, आणि कॅमेऱ्याने दिवसातले ठरलेले तासच मुलांमध्ये बसावं. शिबिरार्थींमध्ये कोळीवाड्यातली मुलंही हवीत, शहरातल्या मुलांइतक्याच संवादांची आणि तितक्याच मानधनाची. सुकती कधी लागेल, हे दिग्दर्शकाला कोळीवाड्यातली मुलंच सांगतील.