मनाचा पहारा बदला

झाशी म्हटलं की मराठी माणसाला राणीचा किल्ला आठवतो, आणि ते रास्तच आहे. माझी मात्र ही सासुरवाडीही आहे. जवळच्या बबीना छावणीत नोकरीची काही वर्षं गेली आणि निवृत्तीनंतर आम्ही इथेच घर केलं. आज बोलायचं आहे ते इथून सुमारे १६ किलोमीटरवरच्या ओरछ्याबद्दल, आणि तिथे फोन घरी ठेवून कसं जायचं याबद्दल.

आधी माझी चूक सांगतो. पहिल्या खेपेला आम्ही दोघं बेतवेच्या काठी दोन दिवस राहिलो. मी सूर्यास्ताचे फोटो काढले, जुन्या सोबत्यांच्या ग्रुपवर टाकले आणि आलेल्या उत्तरांना उत्तरं देत बसलो. परतताना बायको म्हणाली, "अहो, नोकरीत तुम्ही सरहद्दीवर असायचात, ते मी समजून घेतलं. आता शेजारी बसूनही तुम्ही तिकडेच." मला काही बोलता आलं नाही.

नंतर लक्षात आलं, की हा धडा तर फौजेनंच शिकवला होता. संत्री कितीही तगडा असला तरी त्याचा पहारा साधारण दोन तासांनी बदलतात. दोष त्याच्या निष्ठेत नसतो. सतत लक्ष ठेवणारं मन थकतं आणि थकलेल्या संत्र्याला समोरची हालचालही दिसत नाही. आपण मात्र सकाळी डोळे उघडल्यापासून रात्री झोपेपर्यंत स्वतःला फोनच्या पहाऱ्यावर उभं करतो. बदली माणूस येतच नाही.

रेचल आणि स्टीफन कॅप्लन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी १९८९ च्या आपल्या ग्रंथात हीच गोष्ट मांडली. त्यांच्या मते लक्ष दोन तऱ्हेचं असतं. एक आपण जोर लावून धरून ठेवतो, उदाहरणार्थ हिशेब तपासताना. दुसरं आपोआप, अलगद ओढलं जातं, जसं वाहतं पाणी किंवा हलणारी पानं बघताना. दुसरं चालू असतं तेव्हा पहिल्याला विसावा मिळतो. इंग्लंडमध्ये सुमारे २०,००० लोकांच्या माहितीवर २०१९ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. आठवड्यात किमान १२० मिनिटं निसर्गात घालवणाऱ्यांमध्ये आपली तब्येत चांगली आहे, आपण समाधानी आहोत असं सांगणारे जास्त आढळले. यावरून कारण निसर्गच आहे असं सिद्ध होत नाही, पण दिशा कळते. ही १२० मिनिटं एकदम घेतली काय किंवा तुकड्यातुकड्यानं घेतली काय, फरक दिसला नाही. म्हणजे हिमालयच गाठायला हवा असं नाही.

आता तयारी. फौजेत चार्ज सोपवल्याशिवाय कोणी रजेवर जात नाही, तुम्हीही जाऊ नका. दोन दिवस आधी ऑफिसात आणि घरी सांगा: अमुक वेळ मी फोनवर नसेन, अडचण आली तर या एका नंबरावर कळवा. तो नंबर मुक्कामाच्या जागेचा असो, नाहीतर सोबतच्या साध्या बटणांच्या फोनचा. फोन घरी राहिला की त्याच्याबरोबर घड्याळ, गजर, बॅटरी, नकाशा आणि पैशाचं पाकीटही राहतं. म्हणून मनगटी घड्याळ, टॉर्च, कागदी नकाशा, छापलेलं बुकिंग आणि रोख रक्कम घ्या. एक छोटी वही आणि पेन्सिल असू द्या.

दुसऱ्या खेपेला आम्ही असेच गेलो. पहिल्या संध्याकाळी माझा हात दर थोड्या वेळानं खिशाकडे जात होता. चिडचिड झाली, कंटाळा आला. तुमचंही हेच होईल. त्याला घाबरून परत फिरू नका, पहारा सुटल्यावरचा तो शीण असतो.

फौजेत उजाडताना आणि मावळताना 'स्टँड-टू' असतं. सगळे आपापल्या जागी, गप्प आणि सावध. जंगलातही पाहण्यासारखं बरंचसं याच दोन वेळांना घडतं. दुसऱ्या पहाटे आम्ही नदीकाठच्या खडकावर बसलो. बुंदेला राजांच्या छत्र्यांवर लांब चोचीची गिधाडं पंख पसरून ऊन घेत होती. गुरांना दिल्या जाणाऱ्या डायक्लोफेनॅक औषधामुळे ही गिधाडं देशभरात झपाट्यानं कमी झाली. २००६ मध्ये गुरांसाठी ते औषध बंद केलं गेलं. इथे त्यांना अजून घरटी करायला जागा आहे. पलीकडे बेतवा आणि जामनी या नद्यांमधलं, सुमारे ४५ चौरस किलोमीटरचं अभयारण्य. ते १९९४ पासूनचं आहे.

तिथे बसल्या बसल्या बायको बोलू लागली. १९९९ च्या उन्हाळ्यात मी वर असताना ती रोज रात्री टेलिफोनशेजारी गादी टाकून झोपायची. घंटी वाजली तर भीती, नाही वाजली तरी भीती. इतक्या वर्षांत हे मला ठाऊक नव्हतं. तिनं लपवलं नव्हतं, मी ऐकायला मोकळा नव्हतो.

काही सूचना. ऑक्टोबर ते मार्च हा काळ बरा, बुंदेलखंडातला उन्हाळा सोसत नाही. पावसाळ्यात बेतवेचा भरवसा धरू नका. वरच्या धरणातून पाणी सोडलं तरी पातळी चढते, म्हणून खडकांवर बसताना स्थानिकांना विचारा. वानरांना खायला घालू नका. कुठे जाताय आणि कधी परतणार, हे मुक्कामाच्या जागी सांगून निघा.

ओरछा लांब असेल तर गावाबाहेरचा तलाव किंवा टेकडीही चालेल. या रविवारी दोन तास फोन कपाटात ठेवा आणि ज्याचं बोलणं ऐकायचं राहून गेलंय, त्याला सोबत न्या. पुढच्या भागात भेटू. जय हिंद!