जुनं स्लॉट मशीन, त्याहून जुना डिस्प्ले

हा भाग जरा तारांचा आणि आकड्यांचा आहे. ऐकताना एखादा आकडा सुटला तर थांबू नका, सगळं इथे लिहिलेलं आहेच.

मी राहतो सॅन होजेला, कॅलिफोर्नियात. इथे घरात जुनं स्लॉट मशीन ठेवता येतं. अट अशी की ते किमान २५ वर्षांचं हवं आणि त्यावर जुगार चालवायचा नाही. या मशीनचं माहेरही इथून तासाभरावरच आहे. बव्हेरियातून आलेल्या चार्ल्स फे नावाच्या मेकॅनिकने १८९०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोमध्ये तीन चाकांचं ‘लिबर्टी बेल’ बनवलं. त्यात डिस्प्ले वगैरे काही नव्हतं. स्प्रिंगा, दात्यांची चाकं आणि नाणी, संपलं.

आमच्या ओळखीच्या एका काकांकडे १९८०च्या दशकातलं मशीन आहे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्स असलेलं. चाकं फिरतात, दिवे लागतात, पण ‘क्रेडिट’ दाखवणारा लाल एलईडीचा बोर्ड पार मेलेला. तसाच बोर्ड मिळेना. काकांकडे खोक्यात एक सहा आकड्यांचा नारिंगी डिस्प्ले पडून होता, सत्तरच्या दशकातल्या पिनबॉल मशीनमधला. काका म्हणाले, “अरे, हाच बसव ना यात. दोन्हीकडे आकडेच तर दिसतात!”

दिसतात आकडेच. पण दोन्ही बोर्डांची भाषा वेगळी आहे. आपल्या सॉफ्टवेअरवाल्यांना सवय असते की चुकीचा डेटा पाठवला की एरर येतो. इथे एरर मेसेज म्हणजे धूर. आणि धूर निघाला तर तो डिस्प्लेतूनच निघेल असं नाही, मशीनच्या मुख्य बोर्डातूनही निघू शकतो. तो बोर्ड गेला की काकांकडे उरतं ते फक्त एक जड कपाट. म्हणून यात जोडायला लागतो त्याहून जास्त वेळ ओळखण्यात जातो.

आधी एलईडीची बाजू बघू. एका आकड्याला सात पट्ट्या असतात. चार आकडे म्हणजे २८ पट्ट्या, पण २८ तारा कोणी ओढत नाही. सातच तारा सगळ्या आकड्यांना सामाईक देतात आणि प्रत्येक आकड्याला एक वेगळी ‘आता तुझी पाळी’ अशी तार. एका क्षणी एकच आकडा पेटतो, मग दुसरा, मग तिसरा. हे इतकं झरझर चालतं की डोळ्याला सगळे एकदम पेटलेले वाटतात. याला मल्टिप्लेक्सिंग म्हणतात. खात्री करायची असेल तर फोनच्या स्लो-मोशनमध्ये एखाद्या जुन्या डिजिटल घड्याळाचा व्हिडिओ काढा. अनेक घड्याळांत आकडे आळीपाळीने लुकलुकताना सापडतील.

काकांच्या मशीनचा मुख्य बोर्ड असाच आहे. कुठली पट्टी पेटवायची ते तोच ठरवतो. डिस्प्लेच्या बोर्डाला डोकं नाही.

नारिंगी बोर्डाला मात्र थोडं डोकं आहे. बॅली कंपनीच्या सत्तरच्या दशकातल्या पिनबॉलमध्ये असे बोर्ड असत. त्यावर १४५४३ जातीची एक चिप बसलेली असते. तिला पट्ट्या नको असतात, आकडा हवा असतो, तोही चार तारांवर बायनरीत. ९ पाहिजे तर १००१. मग एक इशारा द्यायचा की चिप तो आकडा धरून ठेवते आणि पट्ट्या स्वतः ठरवते. ९ च्या वरचं काही पाठवलं तर ती काहीच दाखवत नाही. हे आपल्या फायद्याचं, कारण मशीनमध्ये चार आकडे आहेत आणि बोर्डावर सहा. डावीकडच्या दोन घरांना १५ पाठवायचं, ती अंधारात राहतात.

थोडक्यात, एक जण चित्र पाठवतोय आणि दुसऱ्याला अंक हवाय. सरळ तारा जोडून हे जमणारच नाही, मध्ये दुभाष्या हवा. त्यासाठी मी आर्डुइनो नॅनो घेतला. तो सात पट्ट्या आणि चार पाळ्या वाचतो, तक्त्यात आकडा शोधतो आणि चार तारांवर पुढे पाठवतो.

तक्ता बनवताना एक गंमत आहे. जुन्या मशीनांत ६ दोन प्रकारे काढतात, वरच्या आडव्या पट्टीसह किंवा तिच्याशिवाय. ९ चं खालच्या पट्टीबाबत तसंच. काही ठिकाणी ७ ला डावीकडे एक मिशी असते. तक्त्यात ही सगळी रूपं घालायची, नाहीतर काकांच्या ६६ क्रेडिटच्या जागी कोरी पाटी दिसेल.

वाचण्याआधी मापायचं. मुख्य बोर्डाच्या काही तारा ‘ओपन कलेक्टर’ असू शकतात. अशी तार फक्त खाली ओढते, वर स्वतःहून जात नाही. तिला १० किलोओहमच्या रेझिस्टरने ५ व्होल्टला टांगलं तरच सिग्नल दिसतो. पाळीच्या तारांवर १२ व्होल्ट असू शकतात आणि नॅनोला ५ च्या वर चालत नाही. तिथे ७४एचसी४०५० ही चिप मध्ये घालायची. ती स्वतः ५ वर चालते, पण आत १५ व्होल्टपर्यंत घेऊ शकते. आणि दोन्ही बोर्डांची ग्राउंड एकमेकांना जोडायची. ती राहिली तर मीटरवर काहीही आकडे दिसतात आणि माणूस उगाच कोडला शिव्या देत बसतो.

आता नारिंगी रंगाचं बघू. तो एलईडीचा नाही. काचेच्या आत निऑनचं मिश्रण आहे आणि ते पेटायला १७० ते १९० व्होल्ट डीसी लागतात. काकांच्या मशीनमध्ये एवढा व्होल्टेज कुठेच नाही. निक्सी घड्याळांसाठी छोटे मॉड्यूल मिळतात, १२ व्होल्ट घेऊन तेवढा व्होल्टेज देणारे. त्याला वेगळा ॲडॅप्टर आणि वेगळा फ्यूज द्यावा. चाळीस वर्षांच्या पॉवर सप्लायवर नवं ओझं टाकू नये, असं माझं मत.

इथे जरा कान देऊन ऐका. प्लग काढला म्हणजे वीज गेली असं नसतं. कपॅसिटर तो व्होल्टेज धरून बसतो. मीटर लावायचा, आकडा शून्याजवळ आलेला डोळ्यांनी बघायचा, मगच हात. चालू असताना मोजायचंच असेल तर एक हात खिशात ठेवायचा, म्हणजे करंटला छातीतून जायला वाट मिळत नाही. घरी कोणी नसताना हा भाग करूच नका.

कोडमध्ये वेळेचा क्रम महत्त्वाचा. आधी डिस्प्ले विझवायचा, मग नवा आकडा द्यायचा, मग पुढच्या घराची पाळी. मधला अंधार वगळला तर शेजारच्या घरात आधीच्या आकड्याची भुतासारखी सावली दिसते, कारण काचेतला वायू लगेच विझत नाही. सहा घरं, सेकंदाला १०० फेऱ्या, म्हणजे प्रत्येक घराला जेमतेम दीड मिलिसेकंद.

आणि प्रोग्राम मध्येच अडकला तर? एकच आकडा सतत पेटलेला राहील. सहापट वेळ पेटायला ती काच बनलेलीच नाही. म्हणून नॅनोचा वॉचडॉग चालू ठेवायचा, अडकला की तो स्वतःला रीस्टार्ट करतो. विझवण्याच्या तारेला एक रेझिस्टर असा लावायचा की नॅनो जागा होईपर्यंत डिस्प्ले बंदच राहील. कोणत्या पातळीला बोर्ड विझतो ते डेटाशीटमध्ये बघा आणि बोर्डावर मोजूनही बघा.

जोडणीचा क्रम मी असा ठेवला: आधी नॅनो एकटा, आकडे लॅपटॉपवर. काकांनी नाणी टाकली, स्क्रीनवर १, २, ३ आले. मग नारिंगी बोर्डाला फक्त ५ व्होल्ट, १९० बंद, आणि चिपच्या पायांवर सिग्नल तपासले. सगळं जुळल्यावर शेवटी मोठा व्होल्टेज, तोही १७० पासून. आकडे पूर्ण आणि सारखे पेटले की तिथेच थांबायचं. कमी व्होल्टेजवर काच जास्त टिकते. काकांच्या बोर्डाला १७५ पुरले.

“थोडे मंद नाहीत का रे?” काकांनी विचारलं. दिवाणखान्याचा पडदा ओढल्यावर त्यांनीच तो प्रश्न मागे घेतला.