लिंगभाव, मानसशास्त्रज्ञाचे शिक्षण आणि पाळकाचे कर्तव्य

तापीकाठच्या बुऱ्हाणपुरात मराठी व हिंदी या भाषा शेजारीशेजारी नांदतात. तेथील एखाद्या ख्रिस्ती कुटुंबातील तरुण व्यक्ती, 'मी स्वतःस पुरुष समजत नाही व स्त्रीही समजत नाही' असे सांगू लागली, तर आईवडील साहजिकच पाळकांकडे धाव घेतात. पाळकाने त्यांच्याबरोबर प्रार्थना करावी हे उचितच आहे. परंतु पुढे त्या व्यक्तीस कोणाकडे पाठवावे, हा प्रश्नही पाळकीय सेवेचाच भाग आहे, असे आम्हांस वाटते.

स्त्री वा पुरुष या दोन कोटींत ज्यांचा लिंगभाव सामावत नाही, त्यांस नॉन-बायनरी म्हणतात. हा मानसिक विकार नव्हे. 1 जानेवारी 2022 पासून अमलात आलेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या अकराव्या रोगवर्गीकरणात लिंगभावाची विसंगती मानसिक विकारांच्या प्रकरणातून वगळण्यात आली. त्याच वर्षी राष्ट्रीय वैद्यक आयोगाने अशी ओळख पालटविण्याचे तथाकथित उपचार हे डॉक्टरांचे व्यावसायिक गैरवर्तन ठरविले. मानसशास्त्रज्ञ मात्र या आयोगाच्या कक्षेत येत नाहीत. म्हणूनच त्यांचे शिक्षण कसे झाले आहे, हे पाहणे अगत्याचे ठरते.

ज्यांनी जुनी पाठ्यपुस्तके अभ्यासिली, त्यांस ही ओळख विकारांच्या यादीतच भेटली. केवळ पदवीने ती समजूत दूर होत नाही. मुंबईच्या मारीवाला हेल्थ इनिशिएटिव्ह या संस्थेने 2019 पासून समुपदेशकांसाठी याच विषयाचा अभ्यासक्रम चालविला. व्यक्तीचे दुःख बहुतांशी समाजाच्या नकारातून उपजते, तेव्हा समुपदेशकाने प्रथम स्वतःची गृहीतके तपासावीत, हे अशा शिक्षणाचे सूत्र होय.

इंग्रजी पुस्तकांत न सापडणारी एक अडचण आपल्या भाषेची आहे. 'मी आलो' किंवा 'मी आले' म्हणताच लिंग जाहीर होते, हिंदीतही तसेच. त्यामुळे आपली व्यथा सांगताना त्या व्यक्तीस पदोपदी अडखळावे लागते. 'तू आलास की आलीस' असे न विचारता 'आपण आलात, बसा' म्हटले, तर मराठीच्या आदरार्थी रूपात लिंगभेद उरत नाही. समुपदेशकाने व पाळकाने एवढे जरी शिकून घेतले, तरी संभाषणाचे दार उघडते.

यशयाच्या छप्पन्नाव्या अध्यायात देवाच्या मंदिरात षंढांस स्थान व नाव देण्याचे अभिवचन आहे. प्रेषितांच्या कृत्यांच्या आठव्या अध्यायात फिलिप्पाने कूशी षंढाचा बाप्तिस्मा केला. प्राचीन षंढ व आजचे नॉन-बायनरी एकच, असे आमचे म्हणणे नाही. परंतु फिलिप्प रथात शेजारी बसला व त्या मनुष्याच्या प्रश्नापासूनच त्याने आरंभ केला, हे विसरू नये.

म्हणून पाळकाने मानसशास्त्रज्ञास स्पष्ट विचारावे: आपण या व्यक्तीस बदलू पाहता, की तिचे दुःख हलके करू पाहता? पहिले उत्तर मिळाल्यास तेथे कोणासही पाठवू नये.